रबराचा मासा आणि खणातला अर्ज

कासम, काल शुक्रवार होता आणि मी गरी टाकायला गेलो नाही. साडेचारला डोळे उघडले, सवयच ती. उठलो, स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, आणि उकळी आल्यावर लक्षात आलं की दोन माणसांचा ठेवलाय. इतका राग आला म्हणून सांगू! पातेलं तसंच बेसिनमध्ये ओतलं आणि खिडकीशी जाऊन बसलो. मस्कतच्या ह्या वादी अदाईत खिडकीतून दिसतं काय? समोरचा काळा डोंगर. मागच्या खिडकीतून मागचा काळा डोंगर. तू म्हणायचास, फ्रान्सू, आपल्याला ह्या लोकांनी कढईच्या तळाला आणून ठेवलंय. काल दिवसभर मी त्या कढईत बसून होतो.

मंगळवारी साइटवर दहाच्या चहाला तू सावलीत बसलास आणि उठला नाहीस. बाकीच्यांना वाटलं डुलकी लागली. गुरुवारी दुपारी आमेरातच्या कबरस्तानात तुला ठेवलं. हमिदाभाभींनी गावाहून फॅक्स पाठवला होता, तिथेच दफन करायला हरकत नाही म्हणून. मी वसईचा क्रिस्तांव, मला तिथले रिवाज ठाऊक नाहीत, मी आपला कडेला उभा होतो. तुझ्या खोलीतल्या सुतारानं हात धरून पुढे आणलं. म्हणाला, तीन मुठी माती घाल, तुझा हक्क हाय. हक्क म्हणाला रे तो. मी घातली. पण मला तो हक्क नव्हता, आणि का नव्हता, हे तुला सांगायला म्हणून हे लिहायला बसलोय. गेलं जवळजवळ वर्षभर एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. जिवंतपणी सांगायची हिंमत झाली नाही. आता सांगतो, पण एकदम नाही जमणार. जरा दोरा सोडू दे.

आपलं सगळं सुरू झालं ते त्या म्हाताऱ्या कॅनेडियन इंजिनियरमुळे. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार असेल. तो कायमचा परत चालला होता आणि मी कंपनीचा पीआरओ, म्हणजे सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसे, लेबर कार्डं माझ्या हातात, म्हणून त्याची कागदपत्रं घेऊन गेलो होतो. त्यानं मला एक पिशवी दिली. आत रबराचे मासे. बोटभर लांब, मऊ, लिबलिबीत, शेपटी अशी की फुंकर मारली तरी हलेल. पांढरे, हिरवे, लालभडक. आणि डब्यात शिशाची गोल डोकी, प्रत्येकाला एक गळ. मला मासे खायचे कळतात, धरायचे नाही. कंपनीत कुणाला कळतं म्हणून विचारलं तर सगळ्यांनी तुझं नाव घेतलं. शटरिंगचा फोरमन, रत्नागिरीच्या खाली खाडीच्या तोंडाशी गाव, बापजाद्यांपासून होडी.

तू ती पिशवी हातात घेतलीस आणि पाकिटावरचं चित्र बघून हसत सुटलास. त्यावर एक मासा होता, आपण जन्मात न बघितलेला. डोळे मोठे, पांढुरके, काचेच्या गोटीसारखे. खाली नाव, वॉलाय.

"हा आंधळा हाय," तू म्हणालास. "आंधळ्या माशाला रबर देतात. आमचा हमूर मासा काय आंधळा नाय."

मी म्हटलं, अरे, साहेब सांगत होता, त्याला गढूळ पाण्यातही दिसतं म्हणून तसे डोळे. थंड तळ्यात तळाशी राहतो.

"दिसतं तर मग रबर कशाला खातो?"

त्या दिवसापासून त्या रबराचं नावच पडलं वॉल्या. "वॉल्या काढ." "वॉल्याची शेपटी तुटली." "आज हिरव्या वॉल्याचा दिवस हाय." कंपनीतली निम्मी माणसं समजायची, वॉल्या नावाचा कोणी तिसरा आपल्याबरोबर येतो.

सिदाब गावाच्या पुढच्या, समुद्राकाठच्या त्या खडकावर पायाखालीच सहा-सात वाव खोल पाणी. तिथं तू मला शिकवलंस. काठी-बिठी काही नाही, हातदोरा, पहिल्या बोटावरून. शिसं तळाला टेकू द्यायचं. टेकलं की दोरा ढिला पडतो. मग हातभर उचलायचं आणि सोडायचं. पुन्हा टेकू द्यायचं. पुन्हा उचलायचं. साहेबानंही हेच सांगितलं होतं, पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, तुझं बोटात शिरलं. "उचलतोस तेव्हा तो नुसता बघतो," तू म्हणायचास. "पडताना घेतो. पडताना तुझं ध्यान कुठं असतं? ऑफिसात." खरंच असायचं. मी वरवर उचलत राहायचो आणि ते खाली पडताना काय होतंय ते मला कळायचंच नाही. मासा तोंड लावतो तेव्हाची दोऱ्यावरची ती टुकटुक ओळखायला मला पाच-सहा महिने लागले. ओळखली त्या दिवशी मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडे जाळं धुणारा ओमानी म्हातारा उठून उभा राहिला.

आणि तिथंच आपलं भांडण सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही.

टुकटुक आली की मी हिसका द्यायचो. लगेच. तू कपाळावर हात मारायचास. "खल्ली, मेल्या, खल्ली!" साइटवर अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, दिवसात पन्नासदा ऐकलेला अरबी शब्द. असू दे, राहू दे, आत्ता नको. कोलंबीनं नाहीतर तारलीनं गरवणारा माणूस तू, लहानपणापासून हेच शिकलेला, की माशाला वेळ द्यायचा. तोंडात घेऊ दे, वळू दे, गिळू दे, मग ओढ. मी म्हणायचो, अरे बाबा, कोलंबी खरी असते, तो चावत राहतो. हे रबर आहे. वेळ दिलास की त्याला कळणार, थुंकून टाकणार. साहेबानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तू ऐकायचा नाहीस. "मऊ हाय ना? मग त्याला वाटू दे खरं हाय. तू कशाला घाई करतोस?" आणि तू वाट बघायचास, आणि दहातले आठ सुटून जायचे, आणि तू म्हणायचास, आज त्यांना भूक नाय. वर आणि मला म्हणायचास, तू हिसके देऊन देऊन सगळी खडपं घाबरवून ठेवलीस. आपण एकमेकांना काय काय नाही बोललो त्या खडकावर! एकदा तर दोघं पिकअपमध्ये तोंडं फिरवून बसलो वादी अदाईपर्यंत. शेवटी तूच म्हणालास, जुम्म्याची वेळ झाली, मला मशिदीशी सोड, भांडण दुपारी चालू करू.

तुझं चुकत होतं, कासम. अजूनही सांगतो. रबरावर वाट बघून चालत नाही.

आणि तो वितळलेला लाडू आठवतो? भर जूनमध्ये मी सगळे वॉल्ये साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत भरून गाडीच्या काचेमागे ठेवले. दुसऱ्या शुक्रवारी डबी उघडायला गेलो तर उघडेना. डबी आणि मासे एकजीव. लाल, हिरवा, पांढरा, सगळ्यांचा मिळून एक गोळा, आणि वास असा की डोकं फिरावं. मला रडायला आलं. दुसरे आणायचे कुठून, मस्कतमध्ये तेव्हा मिळत नव्हते. तू मांडी घालून बसलास आणि सुरीनं त्या गोळ्याच्या वड्या पाडायला लागलास, ईदला मिठाई कापतात तशा. शेपटी नाही, डोळे नाहीत, नुसत्या तिरंगी पट्ट्या. त्यातली एक गळाला लावलीस आणि पहिल्याच पडण्याला तीन किलोचा हमूर! तू त्याच्याकडे बघून म्हणालास, "हा मात्र खरा आंधळा." आपण हसून हसून खडकावर आडवे पडलो होतो. मला वाटतं, ओमानमध्ये मी तितका कधी हसलो नाही. तितका मी वसईतही कधी हसलो नाही.

आई गेली तेव्हाचं तर मी कधी बोललोच नाही तुझ्याशी. आभारही मानले नाहीत. अर्बाब परदेशात होता, त्याच्या सहीशिवाय तिजोरीतून पासपोर्ट काढायचा नाही हा नियम, आणि त्या तिजोरीची किल्ली माझ्याच खिशात. दीडशे माणसांचे पासपोर्ट मी सांभाळतो, त्यात माझाही. किल्ली फिरवली असती तर कोण बघणार होतं? पण विमानतळावर सुट्टीचा कागद लागतो, आणि त्यावर सही लागते. वसईत आईला मातीत ठेवत होते तेव्हा मी अल् खुवैरच्या ऑफिसात एसीसमोर बसून कुणाचं तरी लेबर कार्ड भरत होतो. तू आलास, साइटवरून, सिमेंटच्या कपड्यांत. "चल" म्हणालास. खडकावर नेलंस, माझ्या बोटावर दोरा ठेवलास. मी उचलत होतो, सोडत होतो. तू संध्याकाळपर्यंत शेजारी बसून होतास. तेवढ्यावर मी तगलो, कासम. मला कुणी धरून ठेवलं असेल तर त्या दोऱ्यानं.

म्हणून तर माझं मला समजत नाही. दाराशी अडकून पडणं काय असतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी तुझं दार लावून घेतलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याआधीची गोष्ट. खडकावर दोरा सोडता सोडता तू सहज बोलल्यासारखं बोललास. "फ्रान्सू, माझा कॅन्सल टाक. बस झालं." कॅन्सल म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. सुट्टी नव्हे. व्हिसा रद्द, कायमचं घर. मी म्हटलं, उद्या ऑफिसात ये, अर्ज लिहू. तू आलास. मी इंग्रजीत फॉर्म भरला, कारण म्हणून "घरगुती" लिहिलं, तू मराठीत सही केलीस, अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून. मी तो अर्ज माझ्या टेबलाच्या वरच्या खणात ठेवला. अर्बाबच्या टेबलावर न्यायला चालायचं होतं बारा पावलं.

नेला नाही.

मी नुकताच वसईहून महिनाभर राहून आलो होतो. तुला सांगितलं होतं, मजेत गेली सुट्टी. खोटं होतं ते. पोरगा माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होता. चौथ्या दिवशी त्यानं आईला विचारलं, पप्पा कधी जाणार? ती म्हणाली, हळू बोल. मी बाहेरच्या खोलीत होतो, सगळं ऐकलं. त्या घरात माझी खुर्ची होती, ताट होतं, फोटो होता. मी तेवढा नव्हतो. परत येताना विमानात एकच विचार, चला, शुक्रवार तरी आहे. आणि पंधरा दिवसांत तू म्हणतोस, कॅन्सल टाक. तू गेलास की माझ्याकडे काय उरणार होतं? दोन डोंगर आणि एक तिजोरी.

मी ठरवून काही केलं नाही, देवाशपथ. रोज म्हणायचो, उद्या नेईन. आठवड्यानं तू विचारलंस, "काय म्हणाला अर्बाब?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "खल्ली म्हणाला."

तू मान हलवलीस. एवढंच. खल्ली म्हणाला म्हणजे आत्ता नको, नंतर बघू. अर्बाब तसाच बोलतो हे सगळ्या कंपनीला माहीत, कोण शंका घेणार! रमजाननंतर तू परत विचारलंस. मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंस ते ह्या हिवाळ्यात, आणि तेव्हा तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, दोऱ्याकडे बघत होतास. "काय नाय बोलला ना?" "नाही रे." "बरं." आणि उचललंस आणि सोडलंस. मला वाटलं, आता सांगावं. मी दुसरा वॉल्या गळाला लावत बसलो. एकदा सांगितलं असतं तर तू शिव्या घातल्या असत्यास, कदाचित पाण्यात ढकललं असतंस, आणि आठ दिवसांत घरी गेला असतास. अकरा महिने तू थांबलास, कासम. इतका कसा रे तू भोळा? मी खोटं बोलतोय हे तुला एकदाही कसं कळलं नाही? का कळलं होतं? हे मात्र मला आता कधीच समजणार नाही, आणि ह्यानं माझी झोप गेलीय.

बुधवारी तुझा पासपोर्ट घेऊन वकिलातीत गेलो. काउंटरवरच्या माणसानं कोपरा कातरला आणि शिक्का मारून माझ्या हातात दिला. कॅन्सल्ड. दहा मिनिटं लागली.

आज शनिवार, ऑफिस उघडलं. अर्बाबनं तुझी फाइल बंद करायला मला आत बोलावलं. म्हातारा खरंच हळहळत होता. त्याच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "अच्छा आदमी. इतना साल, कभी कुछ नहीं माँगा. मैं बोला था इसको, कासम, जब घर जाना, बोलो, मैं एक दिन में छोड़ेगा. कभी नहीं बोला." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "यहाँ खुश था, ना?" मी हो म्हणालो. आणखी एक खोटं. बाहेर येऊन खण उघडला, अर्ज काढला आणि समोर ठेवून बसलो. फाडावा, असं मनात आलं, तुला सांगतो. दोन्ही हातात धरलाही होता.

तेवढ्यात फोन वाजला. हमिदाभाभी.

आधी त्यांनी दफनाचं विचारलं. माती कशी होती, किती माणसं होती, नमाज कुणी पढला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा, भाभी."

"त्यांना यायचंच नव्हतं ना? गेल्या वर्षी मी म्हटलं, पुरे आता, या. तर म्हणाले, अर्बाब सोडत नाय. माझी बहीण म्हणते, अगं, अर्बाब सोडत नाय हे सगळेच सांगतात. ज्याला यायचं नसतं तोच सांगतो. तिथं त्यांचं मन रमलं होतं. मासे होते, तुम्ही होता. माझ्याकडे काय होतं? तुम्ही लाजू नका, भाऊ, मी रागावणार नाय. मला फक्त कळू दे."

कासम, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी समजत होतो, मी फक्त तुला अडकवलंय. तिकडे ती बाई वर्षभर काय गिळत होती, ह्याची मला कल्पनाच नव्हती. आणि तू तिच्या नजरेत खोटा ठरून गेलास, माझ्या शब्दावर.

मी सांगून टाकलं. अर्बाबनं अडवलं नाही, भाभी, मी अडवलं. त्यांनी अर्ज दिला होता. माझ्या खणात होता. आत्ता माझ्या समोर आहे. तारीख वाचून दाखवली. मी त्यांना सांगितलं की अर्बाब सोडत नाही. ते खरं धरून बसले.

मी वाट बघत होतो, शिव्यांची, तळतळाटाची. मला ते हवंच होतं.

"अर्जात काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, इंग्रजीत आहे, घरगुती कारण लिहिलंय. पण तसं मी लिहिलं. त्यांनी मला वेगळं सांगितलं होतं लिहायला. म्हणाले, "लिही, माझी हमिदा एकटी जेवते. मला तिच्याबरोबर जेवायचंय." मी म्हटलं, असं अर्जात लिहीत नाहीत.

"काय म्हणाले? परत सांगा."

मी परत सांगितलं.

"असंच म्हणाले? माझं नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता कुणाला तरी हाका मारायला लागल्या, अगं, इकडे ये, लवकर ये, ऐक हे काय सांगतात, यायचं होतं त्यांना, यायचं होतं! फोन बहिणीच्या हातात गेला. तिनं कोरड्या आवाजात विचारलं, काय म्हणाले होते? मी तिलाही सांगितलं. मग सासरहून आलेली तुझी मुलगी आली. तिलाही सांगितलं. प्रत्येकीला पहिल्यापासून, शब्द न बदलता. मग पुन्हा भाभींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, आणखी एकदा, भाऊ.

मला एक शब्दही बोलल्या नाहीत रे, कासम. मी काय केलं ते त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.